आठ बेटांचा बेत

निवृत्त झाले त्या वर्षी मी अंदमानला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे घरात बोलून दाखवलं. मनात ते फार आधीपासून होतं. जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट, हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल त्याची गणती नाही. पण एकाही बेटावर मी पाऊल ठेवलेलं नव्हतं. समुद्रसुद्धा एकदाच पाहिला होता, कोकणात प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत, डबा हातात धरून.

आमच्या शाळेच्या भिंतीवर एक जुना नकाशा होता. जागा वाचवायला छापणाऱ्यानं अंदमानची बेटं एका वेगळ्या चौकटीत घातली होती. मुलं नकाशा काढताना ती चौकटही इमानदारीनं काढायची. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, ही भिंत कुणी बांधली?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी सेलूला घरी परत येताना, देवगाव फाट्यावर बसची वाट बघत उभी असताना, मला जाणवलं की त्या चौकटीच्या आत काय आहे ते मलाही त्या मुलीपेक्षा फारसं जास्त माहीत नाही.

तर निवृत्तीनंतर मी कामाला लागले. पुण्याचा मुलगा म्हणाला, सहलीवाल्यांचं तयार पॅकेज घे, पाच रात्री, सगळं ते बघतात. मी ते पाहिलं. सगळ्यांची तीच तीन ठिकाणं, तेच फोटो. मला ते नको होतं. आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले की गुडघे जहाजाचा जिना चढायचे नाहीत, शिवाय गव्हाला पाणी द्यायचे दिवस आहेत. तू बिनघोर जा. ते मनापासून म्हणाले. त्यांना घर सोडून चार दिवस कुठं राहणं म्हणजे शिक्षा वाटते.

कपाटात एक कोरी टाचणवही उरली होती. शिक्षकानं रोज काय शिकवणार ते आधी लिहून ठेवायचं असतं, त्याची ही वही. दिनांक, तास, घटक, साहित्य असे रकाने छापलेले असतात. त्यातच मी प्रवास आखायला बसले. घटकाच्या रकान्यात बेटाचं नाव, साहित्याच्या रकान्यात बोट. पोर्ट ब्लेअर, नील, हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, डिगलीपूर, येताना बाराटांग, आणि सगळ्यात शेवटी दक्षिणेला लिटल अंदमान. अकरा दिवसांत आठ मुक्काम. त्यातल्या काहींची नावं आता बदललीत, तिकिटावर नवं नाव आणि लोकांच्या तोंडी जुनं, त्यामुळे वहीत दोन्ही लिहावी लागली.

हे काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. खासगी बोटी दोन-तीन बेटांनाच जातात. बाकीकडे सरकारी बोट, तीही आठवड्यातून ठरावीक दिवशी, तिचं तिकीट चार दिवस आधी सुटणार, पहिला मान तिथल्या रहिवाशांचा, आणि वारा सुटला की बोट रद्द. एक बोट चुकली की पुढची सगळी साखळी तुटायची. मी बुधवारची बोट धरून वेळापत्रक बसवायचे, तर रविवारी अडकायचे. रविवार सोडवला की परतीचं विमान हातातून जायचं. महिनाभर मी हेच करत होते. खरं सांगायचं तर त्या महिन्याइतकी मजा मला पुढच्या प्रवासातही क्वचितच आली. गव्हाचं शेत दिसणाऱ्या खिडकीशी बसून मी मनातल्या मनात बोटी बदलत होते.

बाजाराच्या दिवशी दुपारी दारात मावशी उभ्या राहिल्या. मावशी म्हणजे आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाई. वयानं माझ्याहून वर्षभरानं लहानच, पण पोरं मावशी म्हणत म्हणून आम्ही शिक्षकही मावशी म्हणायला लागलो आणि ते तसंच राहिलं. माझ्या बेताची बातमी शाळेतून त्यांच्यापर्यंत पोचली होती. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाई, मही लेक तिथंच हाय. जावयाची बदली झाल्याली हाय तिकडं. नात वर्साची झाली, अजून हातात घेतली न्हाई. तुमी चाललाव तर मला तेवढं पोचवा."

जावई लष्करात होता हे मला ठाऊक होतं. तो पोर्ट ब्लेअरला आहे हे नव्हतं. तिकीट तोच पाठवणार होता. अडचण एवढीच की मावशींना वाचता येत नव्हतं आणि विमानात एकटीनं बसायची हिंमत नव्हती. मी लगेच हो म्हटलं, आणि वर असंही म्हटलं की नुसतं पोचवत नाही, तुम्हाला सगळी बेटं दाखवते.

त्यांची लेक माझी विद्यार्थिनी, आणि तिच्याबद्दल मला विशेष अभिमान होता. तो का, ते सांगायला हवं. मावशी आणि त्यांचे मालक तेव्हा ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची आणि ही मुलगी हजेरीपटावरून गायब व्हायची, ती उन्हाळा तोंडावर आल्यावर काळवंडून परतायची. पाचवीत होती तेव्हा टोळी निघायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले आणि अंगणात उभी राहून बोलले, "तुम्ही नुसतं फिरत राहा. पोरीचं वाटोळं करून ठेवाल." मावशी खाली बघत उभ्या होत्या. त्या साली ते गेलेच. पण पुढच्या वर्षी गेले नाहीत. मावशींनी शाळेतलं स्वयंपाकाचं काम धरलं, मुलगी गावात राहून शिकली, पदवीधर झाली, चांगल्या घरी पडली. ही गोष्ट मी कितीतरी प्रशिक्षणांत सांगितली आहे. शिक्षकानं वेळेवर बोललेला एक शब्द काय करू शकतो, अशा थाटात. माझ्या निरोपसमारंभातही सांगितली, आणि तेव्हा मावशी मंडपाच्या मागे जिलेबीची ताटं भरत होत्या.

त्यानंतर त्या दर आठवड्याला यायला लागल्या. शाळेच्या गावाहून, म्हणजे चारठाण्याहून, जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून बसनं. वही त्यांना वाचता येईना, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेटं काढली आणि आपण कसकसं जाणार ते बोटानं दाखवलं. मला वाटलं होतं त्या कौतुकानं ऐकतील. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. उतरल्यावर सामान कुठं टाकायचं? तिथून राहायची जागा किती लांब? पाणी कुठलं? सकाळी किती वाजता उठवणार? मी उत्तरं देत होते आणि देता देता माझ्याच लक्षात येत होतं की यातलं निम्मं मी वहीत लिहिलेलंच नाही. माझ्या वहीत बोट सुटत होती आणि बोट लागत होती. मधल्या दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका आणि त्यांच्या पिशव्या कुठंच नव्हत्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी कॅलेंडरवर हात ठेवला.

"बाई, रागावू नका. ट्रकच्या टोळीत असताना आमी पंधरा दिवसाला कोपी मोडायचो आन दुसरीकडं बांधायचो. तेवढ्यानं जीव जायचा. तुमी रोज मोडाया निघालाव. ह्याला फिरणं कसं म्हणावं?"

कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ उभारायची झोपडी. ती मोडणं आणि बांधणं म्हणजे काय, हे मी फक्त ऐकून होते.

मला राग आलाच. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला प्रवास कसा करावा हे यांनी सांगावं, असं वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली. त्या गेल्यावर मी वही उघडून बसले. नीट पाहिल्यावर कळलं की मी सहल आखलीच नव्हती, अभ्यासक्रम पूर्ण करायला निघाले होते. तपासणीला अधिकारी येणार असल्यासारखी एकही बेट सुटू देत नव्हते. कोणत्या बेटावर मला काय करायचंय, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. शिवाय गेल्या वीस वर्षांत ज्या बाईला मी कुठंही न गेलेली समजत होते, तिनं आधीच्या वीस वर्षांत किती गावांच्या शिवारात बिऱ्हाड थाटलं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी एकेक नाव कापत गेले. लिटल अंदमान लगेच गेलं. डिगलीपूर कापताना जिवावर आलं; तिथं कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, हा धडा मी दरवर्षी रंगवून शिकवायचे. शेवटी तीन राहिली. लेकीकडे पोर्ट ब्लेअरला चार दिवस, मग हॅवलॉक, मग लाँग आयलंड. लाँग आयलंड मी मुद्दाम ठेवलं, कारण तिथं सहलीवाले फारसे जात नाहीत. आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस कोरे सोडले. ती अक्कल माझी स्वतःची, सरकारी बोटींनी महिनाभर शिकवलेली. मावशींना ते दोन दिवस वाया वाटत होते. तेवढेही आधीच नातीजवळ द्या म्हणत होत्या. आमची त्यावरून थोडी वादावादीही झाली.

माघ लागला होता. आमच्या ह्यांनी आम्हाला सेलू स्टेशनवर सोडलं. मावशींच्या पिशव्या बघून मी कपाळाला हात लावला. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले तीळ आणि पाण्याचा एक कॅन. मी म्हटलं, कॅन विमानात नेता येत नाही. त्यांना ते पटेना. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत तो रिकामा करावा लागला तेव्हा कुठं पटलं. विमानात त्यांनी खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र कपाळ काचेला टेकवून बसले होते. खाली निळ्या पाण्यात हिरवी बेटं विखुरलेली दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचं भान राहिलं नाही.

लेक विमानतळाबाहेर मुलीला कडेवर घेऊन उभी होती. नातीनं आजीला पाहून भोकाड पसरलं. दोन दिवसांत ती आजीच्या मांडीवरून उतरेना. त्यामुळे पाचव्या सकाळी धक्क्यावर निघायची वेळ झाली तेव्हा मावशींनी साफ सांगितलं की त्या येत नाहीत. लेकीनं समजावलं, बाईंना एकटं सोडू नको, तुझी तिकिटं काढलीत. मावशी आल्या, पण तोंड फुगवून. हॅवलॉकच्या बोटीत समुद्र लागला तो मला. ओकून ओकून मी अर्धमेली झाले आणि मावशी माझी पाठ चोळत बसल्या. तेव्हाच त्यांचा रुसवा निघाला असावा.

हॅवलॉकचा किनारा खरोखरच फोटोतल्यासारखा होता. मावशींनी तो एकदा बघितला, म्हणाल्या, "लय मोठं हाय," आणि समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या झाडलोट करणाऱ्या बाईशी बोलायला बसल्या. त्यांची हैदराबादी वळणाची हिंदी आणि त्या बाईची बंगाली वळणाची हिंदी, पण दोघींचं मजेत चाललं होतं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. बरं वाटलं, पण आपण इथं नुसती हजेरी लावायला आलोत असंही वाटत राहिलं.

लाँग आयलंड वेगळं निघालं. गावात मोटारी दिसल्या नाहीत. सिमेंटची पायवाट, दोन्हीकडे सुपारी आणि नारळ, आणि पलीकडे दाट जंगल. एका बंगाली कुटुंबानं दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या, तिथं उतरलो. दोन दिवसांचा मुक्काम होता. तिसऱ्या सकाळी सामान बांधून धक्क्यावर गेलो, तर वारा सुटल्यामुळे आज बोट नाही असं कळलं. उद्या? उद्याचं उद्या.

मी हादरले. कोरे दिवस दोन ठेवले होते, पण वारा तीन दिवस राहिला तर? परत खोलीवर येऊन मी वही उघडली आणि नव्यानं रकाने भरायला लागले. रंगतपर्यंत छोट्या होडीनं गेलो तर, तिथून रस्त्यानं गेलो तर. मावशी थोडा वेळ बघत होत्या. मग घरच्या बाईकडून परात मागून आणली आणि भाकरी थापायला बसल्या. पीठ दमट झालं होतं, भाकरी तुटत होती, तरी थापतच होत्या. तेव्हा प्रथमच माझं त्यांच्या डाव्या हाताकडे नीट लक्ष गेलं. दोन बोटं वाकतच नव्हती. इतकी वर्षं त्या हातानं वाढलेली खिचडी मी चव बघायला म्हणून खाल्ली होती.

मी विचारलं, "बोटांना काय झालं, मावशी?"

"कोयता लागला. शिर तुटली," त्या म्हणाल्या. "तुमी अंगणात येऊन बोलला हुता का न्हाई, त्याच हंगामात."

त्यांनी भाकरी उलटली आणि अगदी सहज, रोजचं काही सांगावं तसं सांगितलं. हात असा झाल्यावर मोळी बांधता येईना. पुढच्या वर्षी मुकादमानं त्यांना टोळीत घेतलंच नाही. मालक एकटे गेले असते, पण जोडीशिवाय त्यांनाही कुणी घेईना. म्हणून राहिले गावात.

"मला वाटलं होतं..." मी म्हणाले आणि थांबले.

"ठाऊक हाय मला तुमाला काय वाटलं ते. तुमी भाषणात सांगितलं की." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुमी बोललाव ते खरंच हुतं, बाई. पर बोलण्यानं कायी थांबत न्हाई. आमाला काय हौस हुती?"

चूल धुमसत होती. बाहेर वाऱ्यानं नारळाची झावळी पडल्याचा आवाज झाला. मी त्यांना म्हटलं की माझं चुकलं, अंगणात बोलले तेही आणि मंडपात बोलले तेही. त्यांनी मान हलवली आणि भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली. खा म्हणाल्या, गार झाली की चिवट होते.

त्या दुपारी मी वही पिशवीच्या तळाशी टाकली. मनात लाज होती, पण लाजेबरोबर एक हलकेपणाही होता, तो का ते मला आजही धड सांगता येत नाही. कदाचित इतकी वर्षं सांभाळलेली एक फुशारकी खाली ठेवल्याचा असेल. ते दोन दिवस आम्ही काहीही केलं नाही. सकाळी जंगलातल्या वाटेनं पलीकडच्या किनाऱ्यावर चालत जायचो. ओहोटी असली की खडकांवरून फिरायचो. मावशींना एका डबक्यात अडकलेले निळे मासे दिसले, तर त्या लहान मुलीसारख्या तासभर तिथंच बसून राहिल्या. घरच्या बाईला त्यांनी शेंगदाण्याची चटणी दिली, आणि तिनं आम्हाला कच्च्या केळ्याची भाजी शिकवली. बेट म्हणजे काय, हे मला तिथं कळलं असं काही मी म्हणणार नाही. पण एका जागी बसून भरती आणि ओहोटी दोन्ही पूर्ण बघितल्या, हे मात्र खरं. धड्यात ते मी चार ओळींत उरकायचे. तिसऱ्या दिवशी वारा पडला, बोट आली, आणि माझं विमान हुकलं नाही.

मावशी लेकीकडेच राहिल्या, चैत्रापर्यंत. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी लेक माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली. मुलगी झोपली होती. मला तिला विचारायचं होतं की माझ्याकडून ती काय शिकली, पण धीर होईना. तिनंच विषय काढला. म्हणाली, "बाई, तुम्ही माझी नखं कापायच्या. आठवतं का?"

मला आठवेना. ती सांगायला लागली. फडावरून परत आलेल्या पोरांची बोटं काळी, भेगाळलेली असायची. शनिवारी नखांची तपासणी व्हायची तेव्हा तिला रांगेत उभं राहायला नको वाटायचं, म्हणून ती मागे लपायची. एका शनिवारी मी तिला पायरीवर बसवलं, पर्समधून नेलकटर काढलं आणि एकेक नख कापलं. मग डब्यातल्या तुपाचं बोट तिच्या भेगांना लावलं. पुढंही तसं करायचे म्हणे. दुसऱ्या पोरांचीही कापायचे.

मी खूप आठवून पाहिलं. शाळेची पायरी आठवली, शनिवारची सकाळची शाळा आठवली, पर्सही आठवली. ती तेवढी आठवली नाही. हो म्हणावं की नाही, कळेना. तिनं वाट पाहिली नाही. आत भाताचा कुकर लावायला उठून गेली.